रफूवालीच्या पोटातला मी

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी रागावलेलो आहे. आपली कहाणी सांगताना आवाज मऊ ठेवावा आणि शेवटी हात जोडावेत, अशी आमच्यासारख्यांची रीत. मला हात नाहीत, आणि आवाज मऊ ठेवण्याची इच्छाही उरलेली नाही. मी एक जिवाणू आहे. साध्या डोळ्यांना न दिसणारा, काडीच्या आकाराचा, एका म्हाताऱ्या बाईच्या मोठ्या आतड्यात राहणारा. 'मी' म्हणतो खरा, पण आमच्यात एकाचे दोन आणि दोनाचे चार होतात, म्हणून मी म्हणजे माझे सगळे घराणेच समजा. या बाईच्या पोटात आम्ही तिच्या लहानपणापासून आहोत. तिच्या आईने भरवलेल्या घासाबरोबर आलो की मातीत खेळून तोंडात घातलेल्या बोटांबरोबर, ते आता कोण सांगणार? आतड्यात बसून बाहेरचे कसे कळते, असेही विचारू नका. ज्याच्या पोटात जन्म काढला, त्याचे आपल्यापासून काय लपून राहते?

बाई रफूचे काम करते. जिन्याखालच्या अरुंद खोलीत तिचे दुकान आहे. खिडकीजवळ टेबल, त्यावर भिंग, सुयांची गादी आणि भिंतीला लागून धाग्यांचे खोके. कसर लागलेला कोट, विडीने जळलेली बाही, खिळ्याला अडकून फाटलेली शाल असे काहीबाही लोक घेऊन येतात. ती शिवणीतल्या मायेतून, म्हणजे आत दुमडलेल्या जादा कापडातून, त्याच कापडाचे धागे ओढून काढते आणि भोकावर उभे-आडवे असे विणते की नंतर भोक कुठे होते ते तिलाही बोट फिरवून शोधावे लागते. माया उरली नसेल तर खोक्यातून धागा निवडते. करड्या रंगाच्या कितीतरी छटा तिच्याकडे आहेत, आणि त्यांतला फरक तिला दारातूनच कळतो. सारी पेठ तिला 'रफूवाली मावशी' म्हणतो.

आता माझे काम ऐका. झाडांना जागचे हलता येत नाही. किडा आला तर पळता येत नाही, जनावराने तोंड लावले तर लाथ मारता येत नाही. म्हणून ती आपल्या पानांत, सालींत, बियांत कडू, तुरट, रंगीत रसायने भरून ठेवतात. ती तुमच्यासाठी केलेली नसतात. तुम्ही ती कांद्याबरोबर, चहाबरोबर, फळांच्या सालीबरोबर गिळता आणि 'झाडाचे आहे ना, मग चांगलेच असणार' म्हणून निर्धास्त होता. पुढचे निस्तरायचे कोणी? थोडे लहान आतडे निस्तरते, बरेचसे यकृत. यकृत मोठे शिस्तीचे. रक्तातून आलेल्या परक्या रसायनाला ते काहीतरी जोडून देते, पाण्यात विरघळेल असे करते आणि लघवीच्या नाहीतर पित्ताच्या वाटेला लावते. पण वरती जे पचत नाही आणि पित्तातून जे पुन्हा खाली उतरते, ते सगळे आमच्या आळीत येऊन पडते.

आमच्या आळीत नाना तऱ्हेचे कारागीर. कांद्याच्या रंगाला चिकटलेली साखर तोडणारे आहेत. डाळिंबातल्या तुरट द्रव्याचे तुकडे करून त्यातून नवेच काही घडवणारे आहेत. धान्याचा कोंडा आंबवून आतड्याच्या भिंतीला तिचे जेवण पुरवणारे तर माझे अगदी लगतचे शेजारी. एकाने टाकलेले दुसऱ्याला चालते. म्हणून तर एकच फळ दोन माणसांनी खाल्ले तरी दोघांच्या रक्तात वेगवेगळे पदार्थ उतरतात. कारागीर वेगळे, माल वेगळा. माझे घराणे सगळ्यांकडे नसते. आणि असले तरी आमचे खरे कसब एका भलत्याच झाडावर चालते.

ते झाड बाईच्या पोटात आले ते तिच्या हृदयामुळे. साठी उलटल्यावर तिचे हृदय बेताल धडधडू लागले. सुईत दोरा ओवतानाही धाप लागायची. थोरला मुलगा तिला हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी डिजॉक्सिन नावाची गोळी दिली. बागेत शोभेसाठी लावतात अशा घंटांसारख्या फुलांच्या एका झाडाच्या पानांतून हे औषध काढतात. झाड विषारी. पण मात्रा नेमकी असली तर तेच विष हृदयाचे ठोके सावकाश आणि दमदार करते. पुरेशी मात्रा आणि घातक मात्रा यांच्यात मात्र अंतर फारच थोडे.

त्या गोळीतला काही भाग आमच्यापर्यंत पोचला आणि आम्ही कामाला लागलो. औषधाच्या रेणूच्या टोकाला एक लहान कडे असते. त्या कड्यातला एक जोड आम्ही बदलला की औषधाला हृदयाची पकड घेता येत नाही. बाई अंडी, शेंगदाणे भरपूर खात असती तर आम्हाला दुसरे खाद्य मिळाले असते आणि आम्ही या गोळीच्या वाटेला कमी गेलो असतो. पण बाईचे जेवण चिमणीसारखे. तेव्हा आम्ही जे पुढ्यात आले ते मोडले. ते बाईला हवे आहे, हे आम्हाला कोण सांगणार होते? ते शोधून काढणे ज्यांचे काम होते, त्यांनी काय केले ते पाहा.

रक्ताची तपासणी झाली. रक्तात औषध फारच कमी. डॉक्टरांनी कागदावरून नजर वर न करता म्हटले, "बाई, गोळ्या गिळायच्या असतात. डबीत साठवायच्या नसतात."

बाईने सांगितले की मी रोज सकाळी न चुकता घेते. डॉक्टर हसले. लहान मुलाने 'दात घासले' म्हटल्यावर मोठी माणसे हसतात, तसे. घरी येताना थोरलाही म्हणाला, "आई, डॉक्टरांशी कशाला खोटं बोलायचं?" साऱ्या आयुष्यात तिने एका भोकाचे पैसे घेऊन दुसरे तसेच सोडले नव्हते, आणि आज ती खोटारडी ठरली. दुसऱ्या दिवसापासून सून, थोरल्याची बायको, समोर उभी राहून तिला गोळी गिळायला लावू लागली. 'जीभ उचला बघू,' असेही एकदा म्हणाली.

तरी पुढच्या तपासणीत औषध कमीच निघाले. तेव्हा तरी एकाने म्हणावे, की अरे, ही तर खरे सांगत होती! पण कोणालाही तेवढे सुचले नाही. असे का होते, हे विचारायचेही कोणी कष्ट घेतले नाहीत. डॉक्टरांनी मात्रा वाढवली आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

वाढलेल्या मात्रेतला आमचा वाटा आम्ही मोडत राहिलो, उरलेला हृदयाला पुरला. बाईचा श्वास सुधारला. ती पुन्हा दिवसभर खिडकीशी बसू लागली. काही वर्षे बरी गेली. बाईला वाटे, गोळी लागू पडली. डॉक्टरांना वाटे, बाई सरळ झाली. आम्ही मध्ये होतो, आणि आमचे नाव कुठेच नव्हते. त्याचे मला काही नाही. नाव नको होते. पण जिथे आपण ओळखत नाही असे कोणी नांदत असेल, तिथे निदान जपून पाऊल टाकावे की नाही?

मग एका थंडीत बाईला सर्दी झाली. साधी सर्दी. नाक गळत होते, घसा बसला होता, जरा कणकण होती. असली सर्दी विषाणूंची असते आणि आली तशी आपल्या पायांनी जाते. पण थोरल्याला ते कसे पटावे?

थोरल्याबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. माणूस वाईट नाही. आईवर जीव आहे त्याचा. तो उंच इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करतो. तिथे तो इतका जपून वागतो की बरोबरीचे लोक त्याची थट्टा करतात. कुठला पुर्जा सैल केला तर वर काय सुटेल, याचा विचार केल्याशिवाय तो पान्हा उचलत नाही. तोच माणूस घरी आला की डॉक्टर होतो. आपल्या कपाटाच्या खणात अर्ध्यामुर्ध्या राहिलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या तो साठवून ठेवतो. कधी त्याचा दात दुखला होता तेव्हाच्या, कधी सुनेला जखम झाली होती तेव्हाच्या. त्यातली जिवाणू मारण्याच्या औषधाची एक पट्टी काढून त्याने आईच्या हातावर ठेवली. आई म्हणाली, डॉक्टरांना विचारू या का. तो म्हणाला, "सर्दीला कोण डॉक्टरकडे जातं? ही कडक आहे. लगेच उभी राहशील बघ."

पट्टी संपली, खोकला राहिला. तेव्हा तो औषधाच्या दुकानातून आणखी एक घेऊन आला. दुकानदारानेही चिठ्ठी मागितली नाही. काय द्यायचे ते दोघांनीच ठरवले.

मित्रांनो, त्या दिवसांत आमच्या आळीत काय झाले ते मी नीट सांगू शकत नाही. सर्दीच्या विषाणूला त्या औषधाने ओरखडाही काढला नाही. ते उतरले थेट आमच्यावर. साखर तोडणारे गेले. डाळिंबावर काम करणारे गेले. कोंडा आंबवणारे माझे शेजारी, ज्यांच्या उबेला मी वाढलो, ते माझ्या डोळ्यांदेखत, म्हणजे मला डोळे असते तर, फुटून गेले. बाईला जुलाब झाले. थोरला म्हणाला, कडक गोळी आहे, एवढे चालायचेच. माझ्या घराण्यातले थोडेसेच, आंत्रपुच्छाच्या, म्हणजे अपेंडिक्सच्या, बंद गल्लीत अडकले होते म्हणून वाचले. यथावकाश सर्दी गेली. जाणारच होती. थोरल्याने सगळ्यांना ऐकवले, "बघा, कडक गोळीशिवाय जात नाही."

आणि रोज सकाळी ती हृदयाची गोळी येतच होती. वाढवलेल्या मात्रेची. सून समोर उभी राहून गिळवत होती. आता तिच्यातला आमचा वाटा मोडायला कोणी नव्हते. सगळीच्या सगळी रक्तात जात होती.

आधी बाईचे जेवण तुटले. अन्नाचा वास आला की मळमळायचे. मग हातपाय गळून गेले. आणि एका सकाळी तिला दुकानाची भिंत पिवळट दिसली. तिला वाटले, ऊन पडले असेल. पण टेबलावरचा पांढरा रुमालही पिवळट, तिचे स्वतःचे हातही पिवळट. दिव्याभोवती पिवळे कडे. तिने भिंग पुसले, चष्मा पुसला, डोळे धुतले. पुसून जाणारे ते नव्हतेच.

त्याच दिवसांत एका मुख्याध्यापकांनी कोट आणून दिला होता. त्यांच्या वडिलांचा, निळसर राखी, छातीवर कसरीने खाल्लेला. कोट आधी कोणीतरी सैल केला होता, त्यामुळे शिवणीत माया उरली नव्हती. बाईने खोक्यातला धागा निवडला. निळसर कोणता आणि हिरवट कोणता, हा फरकच तिच्या डोळ्यांतून पुसला गेला होता. तिने सारा जीव ओतून रफू केले. वीण एकसारखी, एक धागा वर नाही की खाली नाही. आणि रंग शेवाळाचा.

मुख्याध्यापकांनी कोट पाहिला आणि शेवाळी रफूवर बोट ठेवले. वडिलांची एवढी एकच वस्तू राहिली होती, असे ते म्हणाले. बाईने कोट उजेडात धरला. पुन्हा पुन्हा धरला. तिला काहीच चुकलेले दिसेना. शेवटी ती एवढेच म्हणाली की ठेवून जा, पुन्हा करून देते. ते गेल्यावर ती टेबलापाशी बसून राहिली. सुई हातात होती, पण ओवली नाही.

घरी तिने सांगितले, मला सगळे पिवळे दिसते. थोरल्याने चष्मेवाल्याकडे नेले. त्याने नंबर तपासला, वयाप्रमाणे थोडा मोतीबिंदू आहे म्हणाला, आणि नवी काच बसवून दिली. पिवळे तसेच राहिले. तेव्हा थोरल्याने निर्णय घेऊन टाकला. आईचे डोळे गेले, आता दुकान बंद. आईला न विचारता त्याने दुकानाची किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली आणि जागेच्या मालकाला निरोप धाडला. "आयुष्यभर केलंस, आता आराम कर," असे तो प्रेमाने म्हणाला. या माणसाचे प्रेमच मला सगळ्यांत जास्त संताप आणते. राग करणारा निदान हात उगारण्याआधी थबकतो. हा कधीच थबकला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई कोणाला न सांगता दुकानापाशी गेली. किल्ली नव्हती, म्हणून पायरीवर बसली. तिचे हृदय इतके सावकाश चालले होते की दोन ठोक्यांच्या मध्ये काय चालले आहे याची आम्हाला धास्ती पडे. मग तिची मान कलली. रक्त आमच्यापर्यंत नीट येईना. मुख्याध्यापक कोटाची चौकशी करायला म्हणून, मनात चार कडक वाक्ये जुळवत येत होते. पायरीवर कलंडलेली बाई पाहून ते वाक्ये विसरले, समोरून जाणारी रिक्षा थांबवली आणि तिला उचलून इस्पितळात घेऊन गेले. कोट दुकानात कुलपातच राहिला.

इस्पितळात ड्यूटीवर एक डॉक्टरीणबाई होत्या. थोरला आणि सून धावत आले. कोणती औषधे चालू आहेत, असे डॉक्टरीणबाईंनी विचारले. थोरल्याने हृदयाच्या गोळीचे नाव सांगितले. आणखी काही? "नाही, बाकी काही नाही." तो खोटे बोलत नव्हता. खणातल्या पट्टीला तो औषध समजतच नव्हता.

बाई छताकडे पाहत पुटपुटली की इथेही सगळे पिवळेच आहे.

थोरला म्हणाला, "आई, डोळ्यांचं नंतर बघू."

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या खाटेवर वाकल्या. "आजी, काय म्हणालात? कधीपासून पिवळं दिसतंय?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बाईला कोणीतरी प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी थांबले. ती सावकाश सगळे सांगत गेली. मळमळ, दिव्याभोवतीचे कडे, कोट. डॉक्टरीणबाई पुन्हा थोरल्याकडे वळल्या. गेल्या काही दिवसांत दुसरे काहीच दिले नाही? तो मान हलवणार तोच सून हळूच म्हणाली, "अहो, ती सर्दीची गोळी..."

मग धावपळ झाली. रक्तात डिजॉक्सिन हवे त्याच्या दुपटीहून जास्त निघाले. गोळी तिथल्या तिथे बंद झाली. औषधाला रक्तातच पकडून निकामी करणारा उतारा शिरेतून दिला. छातीला तारा लावल्या. थोरला बाहेरच्या बाकावर हात मांड्यांत दाबून बसला. मुख्याध्यापक त्याच्या शेजारी बसले होते, ते उठून गेले नाहीत.

बाई वाचली. दोन-तीन दिवस उलटल्यावर तिने अंगावरची चादर उचलून खिडकीकडे धरली. चादर पांढरी होती. ती रडली. मग थोरला आत आला तेव्हा तिने डोळे पुसले आणि तळहात पुढे केला. "किल्ली," ती म्हणाली. त्याने जुडग्यातून किल्ली काढताना नख मोडून घेतले.

हृदयाचे डॉक्टरही खाटेशी आले. कागद चाळले आणि म्हणाले, कधी कधी होते असे. बाई म्हणाली, "मी गोळ्या डबीत साठवत नव्हते."

"हो, तसं दिसतंय," ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. एवढ्या वर्षांच्या अपमानाची भरपाई एवढीच. माझ्यात शक्ती असती तर मी त्यांच्या पोटात जाऊन राहिलो असतो.

डॉक्टरीणबाईंनी मात्र घरच्यांना बसवून समजावले. काही लोकांच्या आतड्यात एक जिवाणू असतो, तो या औषधाचा काही भाग निकामी करतो. आजींचे औषध पूर्वी कमी का भरत होते, त्याचे बहुधा हेच कारण. सर्दीसाठी दिलेल्या औषधाने तो मारला गेला असणार. शिवाय त्या औषधाने शरीराची डिजॉक्सिन बाहेर टाकण्याची वाटही अडवली असेल. खात्रीने सांगता येणार नाही, पण सगळे जुळते आहे. आता मात्रा कमी ठेवू, रक्त वरचेवर तपासू, कारण तो जिवाणू पुन्हा वाढला तर हिशेब पुन्हा बदलेल.

थोरल्याने सगळे लक्षपूर्वक ऐकले. त्याला फार वाईट वाटत होते, हे दिसत होते. काहीतरी करून आपली चूक भरून काढावी, असे त्याच्या मनात होते. तो म्हणाला, "मग डॉक्टर, ते उरलेले जंतूपण मारून टाकायचं औषध द्या ना. कायमची कटकट जाईल."

मित्रांनो, ऐकलेत? सगळे ऐकून, आईला मरणाच्या दारात पाहून, त्याच्या डोक्यात आले ते हेच!

डॉक्टरीणबाई काही बोलणार, त्याआधी बाई उशीवरून उठून बसली. छातीच्या तारा ताणल्या गेल्या. आवाज अजून क्षीण होता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला.

"ते माझ्या पोटात आहेत. तुझ्या खणात नाहीत. आता कुणाला मारायचं, कुणाला ठेवायचं, ते मला विचारायचं."

डॉक्टरीणबाईंनी हळूच तारा नीट केल्या आणि म्हणाल्या की कोणाला मारायचे काही कारण नाही.

आमच्यावरच्या मायेने बाई बोलली, असे मी म्हणणार नाही. आम्ही कोण, कसे दिसतो, तिला काय ठाऊक! तिला मुलाचा राग आला होता, डॉक्टरांचा आला होता, 'जीभ उचला' म्हणणाऱ्या सुनेचा आला होता, आणि तो एकदाचा तोंडावाटे निघाला. पण त्यात आम्ही वाचलो.

आता ती घरी आहे, आणि दुकान उघडून त्या कोटाचे रफू निळसर धाग्याने पुन्हा करते आहे. सालीसकट फळे खाते, कोंडा न काढलेले धान्य खाते, कारण डॉक्टरीणबाईंनी सांगितले आहे. मी बंद गल्लीतून बाहेर आलो आहे. एकाचे दोन, दोनाचे चार, सावकाश चालू आहे. रक्त तपासायला ती आपली आपण जाते.

तुम्हाला माझे सांगणे एवढेच. औषध लागेल तेव्हा जरूर घ्या. जिवाणूंच्या खऱ्या आजारात आम्हाला मारणारे औषधच जीव वाचवते, हे मीही नाकारत नाही. तेव्हा आम्ही मरू, कुरकुर करणार नाही. पण विचारून घ्या. जे सांगायचे ते सगळे डॉक्टरांना सांगा. आणि एखादे म्हातारे माणूस 'मी रोज घेते' म्हणाले, 'मला पिवळे दिसते' म्हणाले, तर हसू नका. ऐकून घ्या, आणि तसे का होते ते शोधा.

माझे शेजारी, ते कोंडा आंबवणारे, अजून परतलेले नाहीत. बाई रोज कोंडा पाठवते. तो त्यांच्या रिकाम्या जागेत येऊन पडतो, आणि तसाच पुढे वाहून जातो.